शोकफलकाची पांढरी बाजू

परमेश्वराचे नाव घेऊन, आणि त्याच्याकडून अधिक काही न मागता, मी एल्नाथन वेदरेल, वय वर्षे एकसष्ट, केंब्रिज येथील कॉलेजचा पदवीधर, लॅटिन शाळेचा निवृत्त मास्तर, राहणार न्यूबरी, जिल्हा एसेक्स, मॅसॅच्युसेट्स बे प्रांत, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वहस्ते आणि स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र माझी पत्नी डोर्कस हिच्या नावे होते. ते आता निरर्थक झाले असून या लेखाने रद्द समजावे.

माझी बुद्धी स्थिर आहे आणि स्मृती शाबूत आहे. स्मृती थोडी कमी शाबूत असती तर माझी तक्रार नव्हती. अशा दस्तांत हे वाक्य रिवाज म्हणून घालतात. मला मात्र ते सिद्ध करावे लागणार आहे. माझे मेव्हणे, डोर्कसचे धाकटे भाऊ, कर्नल जेरेड ब्रँडरेथ यांनी सभागृहाच्या पायऱ्यांवर, रविवारची उपासना संपल्यानंतर, चारचौघांत जाहीर केले आहे की, माझ्या मागे ते वारसा-न्यायाधीशांपुढे जातील आणि मी वेडा होतो हे दाखवून देतील. तसे झाले तर हे मृत्युपत्र रद्द होईल. घर माझ्या नातीच्या नावे चढेल. परंतु नात दोन वर्षांची असल्याने तिचा पालक म्हणून कर्नलांची नेमणूक होईल, आणि तिच्या आईला या घरात उंबऱ्याएवढीही हक्काची जागा उरणार नाही. हे घडू नये एवढ्यासाठीच मी लेखणी हाती घेतली आहे. मला स्वतःला या जगाकडून आता काही हवे आहे असे नाही.

कलम पहिले. माझा आत्मा ज्याचा आहे त्याच्या स्वाधीन करतो. त्याने माझी चार मुले आणि पत्नी आधी बोलावून मला मागे का ठेवले, हे मी प्रार्थनेत अनेकदा विचारले आहे. उत्तर आलेले नाही. माझा देह टेकडीवरील दफनभूमीत डोर्कसच्या शेजारी, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असा पुरावा. पुरताना भाषण नको. मयतीला रिवाजाप्रमाणे हातमोजे वाटायचेच असतील तर ते खांदा देणाऱ्यांना द्यावेत. कर्नलांना देऊ नयेत, त्यांच्याकडे माझ्या घरच्या चार मयतांचे आधीच जमलेले आहेत.

कलम दुसरे. माझे राहते घर, त्यामागील सफरचंदाची बाग, विहीर, गोठा आणि गाय, चतुःसीमा पूर्वेस नदीचा रस्ता, पश्चिमेस मेलर यांची शेती, उत्तरेस ओढा, दक्षिणेस सभागृहाची जागा, हे सर्व मी माझी सून थँकफुल, माझा मुलगा सायलस याची विधवा, हिला पूर्ण मालकीहक्काने देतो. तिने पुन्हा विवाह केला तरी हा हक्क अबाधित राहील. तिने विवाह करावा अशी माझी इच्छा आहे. ती तरुण आहे आणि या घरात हसण्याचा आवाज कोणीतरी परत आणला पाहिजे. मला ते जमणार नाही.

थँकफुल ही जबेझ कुंभाराची मुलगी, हा कर्नलांचा मुख्य आक्षेप आहे. सायलसच्या लग्नाच्या जेवणाला ते म्हणाले होते, "मास्तर, ब्रँडरेथांचं हरीण कुंभाराच्या अंगणात पाणी पिणार नाही, हं." जबेझ समोरच बसला होता. तो म्हणाला, "नको पिऊ दे, कर्नलसाहेब. पण त्याला म्हणावं, सफरचंदाचं हे साइडर माझ्या मडक्यातून पितंयस, ते तरी खाली ठेव." हरीण म्हणजे कर्नलांच्या घराण्याचे चिन्ह: तांबड्या ढालीवर सोनेरी हरणाचे मस्तक. ते त्यांच्या बग्गीवर, चांदीच्या पेल्यांवर, अंगठीवर आणि बहुधा झोपायच्या टोपीवरही आहे.

कलम तिसरे. माझी नात, जिचे नाव तिच्या आजीवरून डोर्कस ठेवले आहे, तिचा सांभाळ तिच्या आईकडेच राहावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही थँकफुलनेच करावी. न्यायाधीशमहाशयांना माझी विनंती आहे की त्यांनी या कलमावर निर्णय देण्याआधी पुढचे कलम वाचावे, कारण कर्नल माझ्या वेडाचा जो एकमेव पुरावा देणार आहेत तो माझ्या दारावर टांगलेला आहे.

कलम चौथे. शोकफलकाविषयी. न्यायाधीशमहाशय सेलमचे आहेत, तेव्हा त्यांना रिवाज ठाऊक असेलच. तरी दस्त पूर्ण असावा म्हणून लिहितो. चिन्ह बाळगणाऱ्या घरात मृत्यू झाला की चौकोनी लाकडी फलक कोपऱ्यावर उभा करून दारावर वर्षभर टांगतात. मधोमध ढाल असते. ढालीच्या डाव्या अर्ध्यात नवऱ्याच्या घराण्याचे चिन्ह, उजव्या अर्ध्यात बायकोच्या. ढालीमागची जमीन मात्र कोण गेले ते सांगते. बायको गेली असेल आणि नवरा हयात असेल, तर उजवी बाजू काळी आणि डावी पांढरी रंगवतात. दोघेही गेले असतील तर सगळी काळी. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही या गावात फलक वाचता येतो.

डोर्कस गेल्या डिसेंबरात गेली. सायलसच्या मृत्यूची बातमी आल्यापासून ती जेवणापुरती उठत असे, मग तेवढीही उठेना. ती गेली त्याच दिवशी कर्नल मला म्हणाले, "फलकाचं माझ्यावर सोडा, मास्तर. तुमच्या हातून हरणाची शिंगं चुकतील." मला त्या वेळी शिंगांविषयी मत नव्हते. त्यांनी बॉस्टनच्या चित्रकाराला पत्र पाठवले, वर लाखेत आपल्या अंगठीची हरणाची मोहोर उठवली, आणि तांडेल कॅलेब नॉर्क्रॉसच्या गलबतातून ते रवाना केले. फलक आणायला कॅलेबच गेला. त्याने दुकानात जे ऐकले ते मला पुढे सांगितले, आणि तो या दस्ताचा साक्षीदार असल्याने शपथेवरही सांगेल.

"मास्तर, रंग वाळलेला होता. सगळं काळं बघून मी म्हटलं, ही डावी बाजू पांढरी हवी ना? तर चित्रकार म्हणाला, तांडेल, बायकोच्या फलकाचं पत्र नवरा पाठवतो. हे मेव्हण्याच्या मोहोरेनं आलंय. म्हणजे नवराही गेला. मी म्हटलं, अरे, मास्तर परवा मला धक्क्यावर दिसले. तर म्हणतो कसा, परवाचं परवा, आजचं आज."

कर्नलांच्या अंगठीमुळे मी मेलो, असा हा प्रकार आहे. फलक आला त्या दिवशी मी आत होतो. कर्नलांच्या माणसांनी तो टांगला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रूडन्स मेलर बाई मक्याची खीर घेऊन आल्या. दार मी उघडले.

"अगं बाई! मास्तर, तुम्ही?"

"दुसरं कोण असणार, बाई?"

"पण वरती..." त्यांनी वर पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. "मग मी ही खीर कुणासाठी आणली?"

"आणली आहेत तर ठेवा," मी म्हणालो. "कोणासाठी ते फलकाला विचारू."

मी बाहेर येऊन वर पाहिले. निळ्या अर्ध्यात माझे तीन रुपेरी बगळे, तांबड्या अर्ध्यात तिचे हरीण, आणि भोवती अखंड काळे. मला त्यात चूक सापडली नाही. एकतीस वर्षांच्या संसाराचे असे नेमके वर्णन मला लॅटिनमध्येही करता आले नसते. मी तो तसाच राहू दिला.

कर्नल आठवडाभरात घोड्यावरून आले. "हे काय आहे, मास्तर? उतरवा ते. लोक हसतायत."

"लोक रडत आले होते, कर्नलसाहेब. हसलेलं मी कोणाला पाहिलं नाही."

"अहो, तुम्ही जिवंत आहात!"

"फलक तसं म्हणत नाही. आणि फलक तुम्ही करवून घेतला आहे."

त्या दिवसापासून मी वेडा ठरलो. वर्ष भरत आले आहे. एवढ्या काळात मी बाग राखली, नदीकाठच्या शेतांची मोजणी करून दिली, थँकफुलच्या पोरीला दोन्ही हातांची बोटे मोजायला शिकवली, आणि संध्याकाळी त्या फलकाखालून आत येताना मला दरवेळी वाटले की आपण योग्य घरी आलो आहोत. याला वेड म्हणायचे की नाही, हे न्यायाधीशमहाशयांनी ठरवावे.

कलम पाचवे. तीन बगळ्यांविषयी, कारण कर्नल असेही म्हणतात की ते माझे नाहीतच. ते म्हणतात ते मी नाकारत नाही. माझे आजोबा या किनाऱ्यावर एक कुऱ्हाड आणि चीजचे दोन गोळे घेऊन उतरले. कोठून आले ते त्यांनी सांगितले नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात कोणी विचारलेही नाही. आमचे लग्न ठरत होते तेव्हा डोर्कसच्या वडिलांनी मला विचारले, "तुमचं चिन्ह कोणतं?" चिन्ह नसलेल्याला मुलगी द्यायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा मी आणि डोर्कस, बरोबर तिची आत्या, असे बॉस्टनच्या चित्रकाराच्या दुकानात गेलो. हल्लीच्या चित्रकाराचा तो बाप. राजाचा चिन्हे देणारा अधिकारी या प्रांतात कधी आलाच नाही. ज्याच्या दुकानात इंग्लंडच्या घराण्यांचे जाडजूड पुस्तक असेल तोच अधिकारी. त्याने आडनाव शोधले.

"वेदरेल दोन आहेत, साहेब. यॉर्कचे आणि केंटचे. तुम्ही कुठले?"

डोर्कसने पान आपल्याकडे वळवून घेतले आणि म्हणाली, "केंटचे."

आत्या म्हणाल्या, "तुला गं काय माहीत?"

"यॉर्कच्यांचं डुक्कर आहे, आत्या. मी जन्मभर डुक्कर कोरलेल्या चमच्यानं खीर खायची का?" मग माझ्याकडे वळून, हळूच, "अहो, बगळे बरे आहेत. उभे राहतात नुसते, तुमच्यासारखे."

अशा रीतीने मी केंटचा झालो. तिने निवडलेले बगळे कोणत्याही राजाने दिलेल्या चिन्हाहून मला अधिक माझे वाटत आले आहेत. त्याच वेळी चित्रकाराने हेही सांगितले की सासरेबुवांनी पूर्वी तेच पुस्तक उघडून हरीण निवडले होते; पान तेवढे वेगळे. ही गोष्ट मी डोर्कसच्या हयातीत कधी उच्चारली नाही. आता ती माझ्या मेव्हण्यांना वारसा म्हणून देतो.

कलम सहावे. त्याखेरीज कर्नल ब्रँडरेथ यांना डोर्कसने शाळेत असताना काळ्या रेशमावर भरलेले हरणाचे मस्तक, चौकटीसह, द्यावे. डाव्या शिंगाला कसर लागली आहे. ते हरीण त्यांचेच आहे, मी अडवून ठेवू इच्छित नाही. सायलसला फ्रेंचांच्या लुईबर्ग किल्ल्यावरच्या स्वारीत त्यांनी नेले. तिच्या स्वयंपाकघरात उभे राहून ते म्हणाले होते, "ताई, पोराला सनद मिळवून देतो. परत येईल तेव्हा त्याच्या ढालीवर आणखी एक मान वाढलेला असेल." किल्ला जिंकला गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात किल्ल्यात तापाची साथ आली. कर्नल परत आले आणि त्यांच्या पेटीतून सायलसचा चांदीचा चमचा आला. तो देताना ते रडले, हे मी न्यायाने नमूद करतो. तरीही मी त्यांना क्षमा केलेली नाही. ख्रिस्ती मनुष्याने मरण्यापूर्वी ती करावी असे आहे. मी प्रयत्न केला, आणि जमले नाही.

कलम सातवे. चमच्यांविषयी. आमच्या प्रत्येक मुलाच्या जन्माला डोर्कसने बगळे कोरलेला एक चमचा करवला होता. सायलसच्या पाठची तिघे, हॅना, पीटर आणि रूथ, घशाच्या साथीत एकाच महिन्यात गेली. त्यांचे तीन चमचे डोर्कसने मागितल्याप्रमाणे तिच्या शवपेटीत तिच्या हाताशी ठेवले आहेत. पाद्रीबुवांना हे सांगितलेले नव्हते. सायलसचा चमचा त्याच्या मुलीला द्यावा, आणि तो कपाटात ठेवू नये. तिने त्याच चमच्याने खीर खावी.

कलम आठवे. माझे लॅटिन व ग्रीक ग्रंथ गावच्या शाळेला द्यावेत. मोजणीची साखळी व होकायंत्र डॉ. अमोस पिलिंग यांच्या थोरल्या मुलीला, जिला माझ्या शाळेत बसू दिले गेले नाही आणि जी खिडकीबाहेरून माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त शिकली. सभागृहातील बाक थँकफुलला. पुढून तिसरा आहे, कर्नलांच्या अगदी मागचा, आणि तिने तो कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

कलम नववे. माझी बगळ्यांची मोहोर. या घराण्यात ती वापरणारा पुरुष माझ्यामागे उरत नाही. नातीला वारस म्हणून बगळ्यांचा हक्क पोहोचतो, परंतु उद्या ती कोणाच्या घरी जाईल आणि तिथल्या पुस्तकातून काय निघेल, ते मी पाहणार नाही. मोहोर मोडून माझ्याबरोबर पुरावी असे मी ठरवले होते. जबेझला ते बोललो.

तो म्हणाला, "व्याहीबुवा, पुरता कशाला? मला द्या. कच्च्या मातीवर उठवीन. तिन्ही बगळे मडक्याच्या कानाखाली."

"घराण्याचं चिन्ह आहे ते, जबेझ."

"माहीत आहे हो. पण घराण्यात आता आहे कोण? तुम्ही, मी आणि ती पोर. पोरीला बगळे आवडतात. आणि कर्नलाच्या घरी ताक माझ्याच मडक्यातून जातं, तेवढं एक लक्षात घ्या."

सबब ती मोहोर मी जबेझला देतो. ती उठवलेले मडके जो कोणी विकत घेईल त्याला ते नुसते पक्षी वाटतील. इतके पुष्कळ आहे. मात्र या मृत्युपत्रावरील लाखेत शेवटची मोहोर मीच उठवीत आहे, म्हणजे लिहिणारा कोण होता याविषयी कोणा चित्रकाराचा किंवा न्यायाधीशाचा गैरसमज होणार नाही.

कलम दहावे व अखेरचे. पुन्हा फलकाविषयी. मागील सोमवारी डॉ. पिलिंग माझी नाडी पाहायला आले. नाडी त्यांना आवडली नाही. ओट्यावर उभे राहून त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, एक स्पष्ट बोलू? न्यायाधीश तुमची कलमं नंतर वाचतील. आधी हे वाचतील. जो माणूस वर्षभर स्वतःला मेलेला म्हणवून घेतो, त्याची सही जिवंत कशी धरायची, असं कर्नलांचा वकील विचारेल. आणि मला उत्तर देता येणार नाही."

"चूक चित्रकाराची होती."

"चूक त्याची. ठेवली तुम्ही."

थँकफुल दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "मामंजी, राहू द्या तसंच. तुम्हाला त्याच्याखाली बरं वाटतं, ते मी बघते ना. घर गेलं तर गेलं. मी मातीत वाढलेली आहे, बाबांकडे चाक फिरवीन."

"आणि पोरगी?"

कुंभाराच्या घरी मुलगी ठेवायला कर्नल पालक म्हणून परवानगी देणार नाहीत, हे तिलाही ठाऊक होते. ती आत गेली आणि मी तिला नातीशी बोलताना ऐकले. अगदी नेहमीच्या आवाजात, बटाटे सोलता सोलता. तो नेहमीचा आवाज काढायला तिला किती कष्ट पडत असतील, ते मी डोर्कसकडून शिकलेलो आहे.

आज सकाळी मी सफेदा आणि जवसाचे तेल घोटले, शिडी लावली, आणि फलकाची डावी बाजू माझ्या हाताने पांढरी केली. थँकफुलने शिडी धरली. डॉ. पिलिंग, प्रूडन्स मेलर बाई आणि तांडेल नॉर्क्रॉस समोरच्या रस्त्यावर उभे राहून पाहत होते, कारण मी त्यांना त्यासाठीच बोलावले होते. ढालीची कड सांभाळायला वेळ लागला. डोर्कसच्या बाजूला एक थेंबही जाऊ दिला नाही. पहिला हात दिला तसे काळे वर आले. दुसरा दिला तरी खालून ते दिसतच राहिले. रंग पांढरा न होता राखी बगळ्याच्या पाठीसारखा झाला.

खालून थँकफुलने विचारले, "मामंजी, आणखी एक हात द्यायचा का?"

"नको," मी म्हणालो. "न्यायाधीशांना एवढं पांढरं पुरे आहे."

तेव्हा मी, एल्नाथन वेदरेल, कायद्याच्या, कर्नल ब्रँडरेथ यांच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या माहितीसाठी जाहीर करतो की मी जिवंत आहे. हे मी कोणाच्या दडपणाखाली केलेले नाही; एका दोन वर्षांच्या मुलीने तिच्या आईजवळ झोपावे एवढ्यासाठी केले आहे. यापूर्वीचे अकरा महिने मी जिथे होतो तिथून मला एवढ्याच कारणासाठी उठता आले.

फलक वर्षअखेर खाली उतरवावा आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला लावावा. माझा मृत्यू होईल त्या दिवशी थँकफुलने डावी बाजू पुन्हा काळी करावी. बॉस्टनला पत्र पाठवू नये, चित्रकार बोलावू नये, आणि कोणाचीही मोहोर कुठे उठवू नये. काजळी आणि तेल घरात आहे. एक हात पुरेल. खालचा काळा रंग जागच्या जागी आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहिले, वाचले, आणि साक्षीदारांसमक्ष सही व मोहोर केली.

ठिकाण न्यूबरी. तारीख १९ नोव्हेंबर १७४७, राजे दुसरे जॉर्ज यांच्या कारकिर्दीचे एकविसावे वर्ष.

(सही) एल्नाथन वेदरेल
(लाखेत मोहोर: तीन बगळे)

आम्ही खाली सह्या करणार असे लिहून देतो की वरील एल्नाथन वेदरेल यांनी आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने सही केली. त्यांच्या बोटांना सफेदा लागलेला होता. तो कागदाच्या उजव्या कडेला उमटला आहे. तो डाग मजकुराचाच भाग समजावा.

साक्षीदार:
१. डॉ. अमोस पिलिंग, वैद्य, न्यूबरी
२. कॅलेब नॉर्क्रॉस, तांडेल, न्यूबरी
३. प्रूडन्स मेलर, विधवा, न्यूबरी, निशाणी फुली